चूक आणि मोळा

गेल्या मे महिन्यात, भर दुपारी, जळगावच्या आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावरच्या कपाटाची तळफळी निखळली. कपाट भिंतीला तसंच टांगलेलं राहिलं, खाली आली ती फक्त तळाची फळी आणि तिच्यावरचे डबे. कळण्याचं पीठ, शेंगदाणे, उडदाचे पापड आणि वर्षाचं तिखट. तिखटाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि पुढचा अर्धा तास घरात कुणी कुणावर ओरडूही शकलं नाही. सगळे शिंकत होते.

सगळं आवरल्यावर फळी उलटी करून पाहिली. दोन्ही कडांना सहा-सहा बारीक खिळे उभे होते. एकही वाकलेला नाही, एकही तुटलेला नाही. जणू आत्ताच पाकिटातून काढलेत, असे चकचकीत आणि सरळ. ज्या लाकडातून ते निघाले तिथेही काही फाटलं नव्हतं, नुसती सुईएवढी भोकं. दोन वर्षांपूर्वी हे कपाट एका दिवसात बनलं होतं. कॉम्प्रेसर घरघरायचा आणि कारागिराच्या हातातली खिळ्यांची बंदूक टक्-टक् करत फिरायची. तेव्हा त्या वेगाचं आम्हाला केवढं कौतुक वाटलं होतं!

गल्लीच्या तोंडाशी एक वयस्कर सुतार आहेत, मूळचे धुळ्याकडचे. सगळे त्यांना नाना म्हणतात. फळी घेऊन त्यांच्याकडे गेलो. मला वाटलं, आता ते आजकालच्या बंदूकवाल्यांवर तोंडसुख घेणार. नानांनी फळी डोळ्यांसमोर धरली, एका खिळ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘‘भाऊ, चूक चांगली व्हती. काम मोळ्याचं दिलं तिला.’’

बंदूक की हातोडी, या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण ते कळायला खिळा, लाकूड, हात आणि हवा या चौघांची थोडी ओळख करून घ्यावी लागते.

नंबर वाढला की जाडी घटते

मराठीत बारीक खिळ्याला चूक म्हणतात. ‘इथं चार चुका मार’ असं सुतार म्हणाला की शहरातली पोरं हसतात. जाड, डोकेदार, लांब खिळा म्हणजे मोळा. नाना तर दोन इंच आणि त्याहून मोठ्या सगळ्यालाच मोळा म्हणतात. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, त्यामुळे घरी बोलताना त्यांचा खिळा ‘खिया’ होतो. हार्डवेअरच्या दुकानात हे सगळं किलोवर मिळतं. लांबी इंचात सांगायची, जाडी नंबरात. नंबर वाढला की जाडी घटते. कारण खिळा तारेचा बनतो आणि तार बारीक करायची तर ती अधिकाधिक लहान भोकांतून ओढावी लागते. जितक्या जास्त वेळा ओढली तितका नंबर मोठा, असा या मोजणीचा मूळ हिशेब. बारा नंबरची तार सुमारे २.६ मिलिमीटर जाड असते, अठरा नंबरची जेमतेम १.२.

तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर पसरले. त्याआधी गावचा लोहार एकेक खिळा ऐरणीवर घडवायचा. अंग चौकोनी, टोकाकडे निमुळतं, डोकं फुगीर. जुन्या गढीच्या किंवा वाड्याच्या दारावर ओळीनं दिसतात ती याच मोळ्यांची डोकी. असा मोळा फळीतून आरपार काढायचा, पलीकडे आलेलं टोक वाकवायचं आणि पुन्हा लाकडात ठोकून बसवायचं. मग दार पिढ्यान्‌पिढ्या आपटलं तरी मोळा मागे सरकत नसे.

आणि जिथे खिळा नको तिथे तो नसायचाच. बैलगाडीचं चाक बघा. मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले पुठ्ठे आणि सगळ्यांना आवळणारी लोखंडी धाव. धाव तापवून चढवायची आणि पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि सगळं लाकूड एकमेकांत घट्ट बसतं. अशा गाड्या एकापुढे एक बांधून एकट्या माणसानं ओढायची बारागाड्यांची प्रथा खानदेशातल्या यात्रांमध्ये आजही आहे. जळगावात १८७२ पासून कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. गल्लीबोळांतून जाणारा तो अवजड रथ वळवायचा किंवा थांबवायचा तर चाकाखाली लाकडाची मोगरी लावतात. मोगरी कुठेही ठोकलेली नसते. योग्य जागी, योग्य कोनात ठेवली की तेवढंच लाकूड रथाला आवरतं. सांध्याचंही तसंच आहे. ओझं कुठल्या दिशेनं येणार, हे ज्याला कळलं त्याला खिळे कमी लागतात.

लाकूड खिळ्याला धरतं म्हणजे काय

खिळा लाकडात घुसतो तेव्हा तिथलं लाकूड नाहीसं होत नाही. तंतू बाजूला रेटले जातात, खाली वाकतात आणि खिळ्याच्या अंगावर उलटून दाब देतात. या दाबामुळे जे घर्षण होतं तीच खिळ्याची पकड. त्यामुळे ती तीन गोष्टींवर ठरते: खिळा किती जाड, दुसऱ्या लाकडात किती खोल आणि ते लाकूड किती घट्ट. पहिल्या दोहोंपैकी एक गोष्ट दुप्पट झाली तर पकडही दुप्पट होते. तिसरीचा परिणाम मात्र चढत्या व्याजासारखा असतो. अमेरिकी वनखात्याच्या प्रयोगशाळेत हजारो खिळे ओढून बसवलेल्या सूत्रानुसार लाकडाची घनता दुप्पट झाली की साध्या खिळ्याची पकड साडेपाच पटींच्या वर जाते.

आता आमची फळी घ्या. अठरा मिलिमीटरचा प्लाय, त्यात खालून वर मारलेला तीस मिलिमीटरचा खिळा. अठरा मिलिमीटर फळीतच गेले. बाजूच्या प्लायच्या कडेत उरले बारा. त्याऐवजी बारा नंबरचा दोन इंची खिळा असता तर सुमारे बत्तीस मिलिमीटर आत गेला असता. जाडीही दुपटीहून जास्त. लाकडाला टेकणारं खिळ्याचं अंग दोन्हीकडे मोजलं तर फरक पाच-सहापट येतो. सुतारांचा ढोबळ नियम असा, की जे जोडायचं त्याच्या जाडीच्या तिप्पट लांबीचा खिळा घ्यावा. एक हिस्सा वरच्या लाकडात, दोन हिस्से खालच्या. आमच्याकडे हे गणित नेमकं उलटं झालं होतं.

पण खरी गफलत दिशेची होती. खिळा आडवं ओझं चांगलं पेलतो. भिंतीतल्या खिळ्याला कॅलेंडर लटकतं ते असंच. त्याला त्याच्याच लांबीच्या दिशेनं ओढलं तर मात्र तो फक्त घर्षणावर तग धरतो. खालून वर मारलेल्या खिळ्यावर डब्यांचं वजन टाकणं म्हणजे दोन वर्षं रात्रंदिवस तो खिळा हलके हलके उपटत राहणं. त्यात तो प्लायच्या कडेत घुसलेला. तिथे थरांच्या फटी असतात, तंतू नीट धरत नाहीत.

आणि मे महिना! खानदेशात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि हवा इतकी कोरडी होते, की ओठ फुटतात. लाकूडही सुकतं, आकसतं. पावसाळ्यात पुन्हा ओलावा घेऊन फुगतं. त्यात एका भिंतीला कूलरचा ओलावा आणि दुसऱ्या भिंतीला पश्चिमेचं ऊन असेल तर एकाच कपाटाच्या दोन बाजू दोन वेगळ्या गावांत राहिल्यासारख्या वागतात. प्लाय आणि साग फार हलत नाहीत, ताजं निंब-बाभूळ खूप हलतं. पण दर आकसण्याबरोबर खिळ्यावरचा दाब थोडा सैल होतो. ओल्या लाकडात ठोकलेला साधा खिळा लाकूड वाळल्यावर आपली बरीच पकड घालवून बसतो. म्हणून नाना ताज्या चिरलेल्या लाकडाला हात लावत नाहीत.

हातोडीला काय कळतं

अर्धा किलोची हातोडी सेकंदाला आठ मीटर वेगानं खिळ्यावर आली तर तिच्यात सुमारे सोळा ज्यूल ऊर्जा असते. एक किलोचं वजन दीड मीटरहून थोड्या जास्त उंचीवरून पडावं तेवढी. पण कसलेला सुतार पहिला ठोका असा मारत नाही. नाना खिळा अंगठा आणि तर्जनी यांत टोकाजवळ धरत नाहीत, डोक्याजवळ धरतात. चुकला ठोका तर बोट ठेचण्याऐवजी निसटतं. पहिला ठोका नुसता टेकवल्यासारखा. खिळा उभा राहिला की हात बाजूला. मग मनगटातून नव्हे, कोपरातून आलेले दोन-तीन भरीव ठोके. दांडा शेवटाला धरलेला, बाभळीचा किंवा धावड्याचा. ही लाकडं ठोक्याचा धक्का हातापर्यंत फारसा पोचू देत नाहीत. शेवटचा ठोका पुन्हा हलका, म्हणजे लाकडावर चंद्रकोरीचा व्रण उठत नाही.

मधल्या ठोक्यांत आवाज बदलतो. पोकळ ‘टप्’ भरीव ‘ठक्’ होतो तेव्हा खिळ्यानं खालचं लाकूड गाठलेलं असतं. आवाज एकदम चिरका झाला तर पुढे गाठ आहे. लाकूड फाटणार असेल तर त्याआधी बारीकसं करकरतं. अशा वेळी नाना थांबतात, खिळा उपटतात आणि त्याचं टोक हातोडीनं किंचित बोथट करून पुन्हा मारतात. हे उलटं वाटतं, पण शास्त्र त्यांच्या बाजूनं आहे. टोकदार खिळा पाचरीसारखा तंतू फाकवतो, बोथट खिळा ते चिरडत पुढे जातो, त्यामुळे फळी उभी फाटण्याचा धोका कमी होतो.

‘‘हाई गन खिया मारस,’’ नाना एकदा म्हणाले, ‘‘पन लाकूडनं काई आयकस नही.’’ ही बंदूक खिळा मारते, पण लाकडाचं काही ऐकत नाही. हे बोलताना त्यांच्या हातात बंदूकच होती.

बंदुकीच्या पोटात

नानांच्या दुकानात हातोडीच्या शेजारी एफ-३० टांगलेली असते. सुतारकामाच्या बाजारात हा नंबर आता रंध्या-करवतीइतका ओळखीचा झाला आहे. अठरा नंबरच्या चुका ती मारते, दहा मिलिमीटरपासून तीस मिलिमीटरपर्यंत. टी-५० तिची मोठी बहीण, ती पन्नास मिलिमीटरपर्यंत जाते.

आतली रचना सोपी आहे. नळीतून आलेली दाबाखालची हवा बंदुकीत भरून राहते. चाप ओढला की वरची झडप उघडते आणि ती हवा पिस्टनवर कोसळते. पिस्टनला खाली एक पोलादी पातं जोडलेलं असतं. ते पट्टीतला पहिला खिळा तोडून एका झटक्यात लाकडात घालतं. खालच्या कप्प्यात दाबली गेलेली हवा पिस्टनला परत वर ढकलते. तेवढ्यात स्प्रिंग पुढचा खिळा जागेवर आणते. पिस्टनचा व्यास चार सेंटिमीटर धरला आणि हवेचा दाब ८५ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सहा किलो, तर पिस्टनवर ७५ किलोचा भार येतो. एक धडधाकट माणूस त्या पात्यावर उभा राहतो, एवढंच की डोळ्याचं पातं लवायच्या आत.

हा एका झटक्यातला मारच तिचा खरा गुण आहे. हातोडीचे तीन-चार ठोके पडेपर्यंत पातळ पट्टी सरकते, उडते, कधी फुटते. बंदुकीच्या एका झटक्यात पट्टीला हलायला वेळच मिळत नाही. शिवाय एक हात मोकळा राहतो. डाव्या हातानं पट्टी रेषेत धरायची, उजव्या हातानं टक्. खिळ्याचं डोकं नावापुरतं असतं आणि पृष्ठभागाच्या किंचित खाली जातं. पुटी भरली की दिसतही नाही. हेच काम हातोडीनं करायचं तर बिनडोक्याची चूक पकडीनं धरून मारायची, मग दाबणीनं आत बसवायची. छताच्या पट्ट्या, दाराच्या चौकटीवरची नक्षीपट्टी, प्लायच्या कडांचं बिडिंग, कपाटाची पातळ पाठ या कामांत दिवसाचं काम तासावर येतं. मान वर करून छताला खिळे मारलेल्या कुणालाही विचारा.

मग त्या एवढ्याशा खिळ्यावर भरवसा ठेवायचा कसा? ठेवायचाच नाही. तो फेविकॉलवर ठेवायचा. नीट लावलेला गोंद वाळल्यावर सांधा बहुधा लाकडापेक्षा घट्ट होतो, पण तो वाळेपर्यंत दोन तुकडे एकमेकांना दाबून धरायला कुणीतरी हवं. पूर्वी त्यासाठी शिकंजे लावून रात्रभर काम अडकवून ठेवायचे. चूक हे काम करते. ती म्हणजे आत राहून जाणारा शिकंजा.

याचं टोकाचं उदाहरण विमानाचं आहे. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई होती म्हणून अमेरिकेत हॉवर्ड ह्यूज यांनी मुख्यतः बर्च लाकडाच्या थरांचं एक अवाढव्य विमान बांधायला घेतलं. पंखांचा पसारा जवळपास ९८ मीटर. थर गोंदानं चिकटवायचे, तोवर खिळ्यांनी धरून ठेवायचे आणि गोंद वाळला की ते खिळे उपटून काढायचे, अशी पद्धत होती. २ नोव्हेंबर १९४७ ला ते एकदाच, जेमतेम दीड किलोमीटर उडालं. पण उडालं ते गोंदाच्या जोरावर. खिळे आपलं काम करून आधीच निघून गेले होते.

आमच्या कपाटात खिळे होते, गोंद नव्हता. फळी उलटी केली तेव्हा कडेला फेविकॉलचा वाळलेला ओघळ कुठेच दिसला नाही. घाईत राहिला असेल, नाहीतर वाचवला असेल. चूक दोन वर्षं एकटीच उभी होती.

केळी, पॅलेट आणि मोठी बंदूक

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे बंदूक हलक्या कामाची, हातोडी भारी कामाची. तसंही नाही. रावेर, यावल, चोपड्याकडची केळी आता परदेशी जाते. जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. निर्यातीची केळी खोक्यांत भरून, तेरा-चौदा अंशांच्या थंड कंटेनरमध्ये पॅलेटवर रचून रवाना होते. पॅलेट म्हणजे फोर्कलिफ्टचे दात आत जावेत म्हणून मध्ये मोकळी जागा ठेवून ठोकलेली फळ्यांची चौकट. लाकडी पॅलेट देशाबाहेर पाठवायचं तर त्याचं लाकूड किडीमुक्त करावं लागतं, सहसा गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर किमान तीस मिनिटं तापवून. त्याचा शिक्का पॅलेटवर असतो.

एका पॅलेटला सत्तर-ऐंशी, कधी शंभर खिळे लागतात आणि ते दिवसात डझनांनी बनतात. इथे हातोडी घेऊन बसणं म्हणजे सांधेदुखीला आवतण. इथे चालते ती कॉइलची बंदूक: बारीक तारेनं गुंफलेल्या, गोल गुंडाळलेल्या लांब खिळ्यांचं चक्र पोटात घेऊन फिरणारी. तिचे खिळे पन्नास मिलिमीटरच्या पुढचे, खरीखुरी डोकी असलेले आणि अंगाला पीळ किंवा वळ्या असलेले. त्या वळ्यांत तंतू अडकतात, त्यामुळे लाकूड वाळून आकसलं तरी पकड साध्या खिळ्याइतकी ढळत नाही. ही बंदूक मोळाच मारते. त्यामुळे निवड बंदूक आणि हातोडीत करायची नसते, चूक आणि मोळ्यात करायची असते. आधी काय मारायचं ते ठरलं की कशानं मारायचं ते आपोआप ठरतं.

लाकूडही त्यात बोलतं. कांडल्याच्या बंदरातून येणारं आयात पाइन मऊ. त्यात बंदूक लोण्यासारखी चालते, कधी जास्तच चालते. दाब कमी केला नाही तर खिळा पट्टी भेदून पलीकडे जातो. सागात दोन्ही चालतं. जुन्या सागाला फळीच्या टोकाजवळ मात्र आधी बारीक भोक पाडावं. आणि सातपुड्यातला अंजन! पाण्यात टाकला तर बुडतो इतका जड. त्यात अठरा नंबरची चूक मारली तर ती आत वाकते आणि बाजूनं तोंड बाहेर काढते. हातोडीचा खिळाही दुमडतो. अंजनाला आधी ड्रिल मारायचं, खिळ्याला साबण किंवा मेण लावायचं आणि मग हातोडीनं, विचारत विचारत आत न्यायचं. बंदूक विचारत नाही, इथे नानांचं म्हणणं अक्षरशः खरं ठरतं.

दुखापत: अंगठा आणि त्याहून जास्त

हातोडीनं लागतं ते अंगठ्याला. नख काळं होतं, शिव्या ऐकू येतात, पंधरा दिवसांत विषय संपतो. वर्षानुवर्षं ठोकणाऱ्याचं कोपर मात्र दुखतं, ते संपत नाही. बंदुकीची इजा क्वचित होते, पण खोल होते. अमेरिकेत २००१ ते २००५ या काळात खिळ्यांच्या बंदुकीनं जखमी होऊन दरवर्षी सरासरी ३७ हजार लोक तातडीच्या उपचारांसाठी दवाखान्यात गेले. जास्तीत जास्त जखमा हाताच्या आणि बोटांच्या.

कारणं ठरलेली आहेत. काही बंदुकांत चाप दाबून ठेवला की नाक टेकेल तिथे खिळा सुटतो; काम झपाट्यानं होतं, पण मांडीला टेकली तर मांडीतही. दर खिळ्याला आधी नाक टेकवून मग चाप ओढावा लागतो ती बंदूक हळू, पण तिच्यात इजेचा धोका जवळपास निम्मा. दुसरं कारण खिळ्याचं टोक. चुकेचं टोक पटाशीसारखं चपटं असतं. आत गाठ लागली तर ती एका ठरावीक बाजूला वळते आणि फळीच्या कडेतून निघून धरलेल्या बोटात जाते. म्हणून पट्टी धरणारा हात खिळ्याच्या लांबीपेक्षा जास्त दूर हवा आणि बंदूक अशी फिरवून धरावी की वळलीच चूक तर फळीच्या लांबीत वळेल, जाडीत नाही. खिळा अडकला तर आधी हवेची नळी काढायची, मग बंदूक उघडायची. डोळ्यांना चष्मा. कानांना बोळे, बंद खोलीतला तो टक् आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. आणि कॉम्प्रेसर नाही म्हणून कुणी ऑक्सिजनचा सिलिंडर जोडायला निघाला तर त्याला तिथेच अडवायचं. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

मग घ्यायचं काय

नवीन पोरगा धंद्यात उतरतो तेव्हा हा प्रश्न पैशाचा होतो. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यांत सुतारकामही आहे. अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत मिळते, शिवाय सवलतीच्या व्याजानं कर्ज. एवढ्या रकमेत हातोड्या, पटाश्या, रंधे चांगले येतात किंवा बंदूक आणि लहानसा कॉम्प्रेसर बसवता येतो.

बंदुकीचा खर्च मात्र तिच्यापुरता थांबत नाही. कॉम्प्रेसर, नळी, तिच्या मापाच्या खिळ्यांची पाकिटं, आतल्या रबरी कड्या, रोज हवेच्या तोंडाशी दोन थेंब तेल. हवा दाबली की तिच्यातली वाफ टाकीत पाणी होऊन साचते. पावसाळ्यात तर रोज संध्याकाळी खालचा नळ उघडून ते सोडायचं, नाहीतर टाकी आतून गंजते आणि बंदुकीत पाणी जातं. मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत कॉम्प्रेसर तापून स्वतःच बंद पडतो. आणि वीज गेली की टाकीत उरलेल्या हवेवर थोडे खिळे निघतात, मग दाब उतरतो आणि खिळे अर्धे बाहेर राहायला लागतात. ते शेवटी हातोडीनंच आत घालायचे. बंदूक घेतलेल्या माणसाला हातोडी टाकून देता येत नाही, हे त्यातलं गमतीचं सत्य.

घरी एखादं स्टूल, कुंड्यांचं रॅक, देव्हारा करणाऱ्या हौशी माणसानं हातोडीवरच सुरुवात करावी. तीनशे ग्रॅमची हातोडी, गुण्या, ड्रिल आणि फेविकॉल. शंभर खिळे हातानं मारले, त्यांतले वीस वाकवले की लाकूड कुठे फाटतं, कुठे धरतं ते हाताला कळायला लागतं. ते कळल्यावर बंदूक घ्यावी. उलट्या क्रमानं गेलेला माणूस वेग शिकतो आणि आमच्या कपाटासारखी कपाटं करतो.

नानांनी आमचं कपाट भिंतीवरून उतरवून दुकानात नेलं. दोन्ही बाजूंच्या पाट्यांना आतून फळीच्या जाडीची खाच मारली. खाचेत फेविकॉल ओतून फळी सरकवली. मग एफ-३० उचलली आणि बाहेरून दोन-दोन चुका टक्-टक् मारल्या. ‘‘रातभर धरतील,’’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी बारीक भोकं पाडून दर बाजूला तीन-तीन दोन इंची खिळे हातोडीनं ठोकले, पण आता बाजूनं आत, आडवे. ओझं खाचेवर बसलं, खिळ्यांच्या वाट्याला नुसतं पाट्यांना फाकू न देणं आलं. मजुरी घेताना नाना खिळ्यांचे पैसे लावायला विसरले. आठवण केली तर म्हणाले, ‘‘जुन्या बारा सरळ चुका तुमच्या फळीतून निघाल्या ना, त्या मी ठेवल्या. चांगल्या व्हत्या.’’